बारावा स्क्रू

तर मंडळी, गेल्या शनिवारी माझ्या हातून एक लॅपटॉप गेला. सकाळी अकराला तो नुसता आजारी होता. संध्याकाळी सातला वर्तमानपत्रावर पसरलेला सांगाडा झाला होता. मधल्या आठ तासांत मी एक प्लास्टिकची क्लिप, एक नख आणि बायकोचा संयम एवढ्या गोष्टी तोडल्या. ("ते टेबल जेवायला लागतं आपल्याला," हे ती तीनदा म्हणाली. चौथ्यांदा ताटं सरळ हॉलमध्ये नेली.)

लॅपटॉप माझा नव्हता, बाबांचा होता. बाबा दापोडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना आठवणी लिहायची हुक्की आली, म्हणून २०१६ साली मी त्यांना लॅपटॉप घेऊन दिला. एका बोटाने टाइप करायचे. रोज सकाळी एक परिच्छेद, कधी अर्धा. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि लॅपटॉप कपाटात गेला. गेल्या महिन्यात आई सहज म्हणाली, "त्यांनी लिहिलेलं मला छापून दे रे. डोळे आहेत तोवर वाचून घेते." मी चार्जर लावला, पण दिवा लागेना.

आता तुम्ही विचाराल, बॅकअप? ऑफिसात नव्या पोरांना बॅकअपचं महत्त्व सांगणारा माणूस मीच. असो, त्या विषयावर अधिक न बोललेलं बरं.

दुकानात नेला. तिथल्या मुलाने चार्जर लावून पाहिला, लॅपटॉप एकदा उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि निदान सांगितलं, "मदरबोर्ड गेलाय साहेब. या मॉडेलचा आता येत नाही." मी म्हटलं, मग आतला डेटा तरी? "ते सांगता येत नाही. काहींमध्ये ड्राइव्ह वेगळा असतो, काहींमध्ये बोर्डालाच सोल्डर केलेला असतो. वेगळा असला तर निघेल." उघडून बघता का, तर "आज नाही होणार."

म्हणजे बाबांची पानं परत मिळणार की नाही, हे दहा वर्षांपूर्वी कुठल्या तरी इंजिनियरने तो ड्राइव्ह स्क्रूने बसवला होता की डाग देऊन, यावर अवलंबून होतं. हे एकदा डोक्यात शिरल्यावर झोप येणं शक्य नव्हतं. शनिवारी पुठ्ठा घेतला, त्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्या जागी टोचत गेलो. (ही बाबांची पद्धत. लॅपटॉपचे स्क्रू दिसायला सारखे असतात पण लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की खाली जे काही असेल त्याला भोक!)

अकरा स्क्रू निघाले, झाकण मात्र निघालं नाही. जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवलं, कडेने फिरवलं. तीन बाजू सुटल्या, मागची बाजू ढिम्म. जरा जोर लावला आणि कट्ट! अंगावर काटा आणणारा आवाज आला. स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि चहा करायला उठलो.

चहा उकळताना मनात आलं, हे झाकण असं लावायला सुरुवात कोणी केली? कधी? मग मी माझ्या आवडत्या उद्योगाला लागलो, म्हणजे काम सोडून त्या कामाचा इतिहास वाचणं.

पहिलं म्हणजे, ही यंत्रं जन्मली तेव्हा अशी नव्हती. १९७७ सालच्या अ‍ॅपल टूचं झाकण बघा. वरचं झाकण नुसतं उचलायचं, स्क्रूड्रायव्हर लागायचाच नाही. आत आठ स्लॉट. वॉझनियाकला आठ हवे होते, जॉब्सला दोन पुरेसे वाटत होते, आणि वॉझनियाक जिंकला. पुढे त्याचं जे रेफरन्स मॅन्युअल निघालं त्यात सर्किटचा नकाशासुद्धा होता. १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला तेव्हाही तेच. त्याच्या टेक्निकल रेफरन्स पुस्तकात बोर्डाच्या आकृत्या होत्या आणि बायोसचा संपूर्ण सोर्स कोड छापलेला होता. आज हे कुणाला सांगितलं तर फेकतोय म्हणेल.

त्याच १९८१ च्या एप्रिलमध्ये ऑस्बोर्न वन आला. खांद्यावर... छे, हमालाच्या खांद्यावर नेण्याजोगा पहिला यशस्वी संगणक. वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंची, किंमत १,७९५ डॉलर. शिवणयंत्राच्या पेटीसारखा दिसायचा. त्याचा कर्ता अ‍ॅडम ऑस्बोर्न हा इंग्रज असला तरी त्याचं बालपण तमिळनाडूत गेलं आणि २००३ मध्ये तो वारलाही कोडाईकनाललाच. त्याची कंपनी १९८३ मध्ये बुडाली. पण 'संगणक उचलून नेता येतो' ही कल्पना मागे राहिली.

मग बिनसलं कुठे? एक धागा आयबीएमकडे जातो. छापलेल्या त्या बायोसचा कोड उचलणं बेकायदा होतं. म्हणून कॉम्पॅकने दोन गट केले. एकाने बायोस काय काय करतो ते अभ्यासून लिहून काढलं, दुसऱ्याने मूळ कोडकडे ढुंकूनही न पाहता त्या वर्णनावरून नवा लिहिला. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी आयबीएमशी जुळणारा, हाताने उचलायचा (वजन सुमारे १३ किलो!) संगणक जाहीर केला. पाठोपाठ नकलांची रांग लागली. ग्राहकांची चंगळ झाली, आयबीएमच्या हातून मात्र बाजार निसटला. यातून बाकीच्या कंपन्यांनी काय धडा घेतला असेल तो सांगायला नको.

दुसरा धागा पुन्हा अ‍ॅपलचाच. १९८४ चा मॅकिन्टॉश. ज्या कंपनीने झाकण उचलायला दिलं होतं तिनेच आता पेटी बंद केली. स्क्रूसुद्धा नेहमीचे नाहीत, टॉर्क्स, म्हणजे सहा पाकळ्यांच्या चांदणीसारखे. त्यातले दोन मुठीच्या खाचेत इतके खोल की लांब दांड्याचा ड्रायव्हर असल्याशिवाय पोचताच येणार नाही. गंमत म्हणजे आतल्या बाजूला ते यंत्र बनवणाऱ्यांच्या सह्या कोरलेल्या होत्या. चित्रकारासारखी सही करायची, आणि चित्र मात्र भिंतीकडे तोंड करून टांगायचं!

स्क्रूचाही एक छोटा इतिहास आहे. आपण ज्याला 'चार बाजूंचा' म्हणतो त्या फिलिप्स स्क्रूचं पेटंट हेन्री फिलिप्सने १९३६ मध्ये मिळवलं. ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा हा गृहस्थ. ड्रायव्हरचं टोक आपोआप मधोमध बसतं, त्यामुळे मोटारींच्या कारखान्यात यंत्राने स्क्रू पिळणं सोपं झालं. टॉर्क्स १९६७ चा, तोही पीळ जास्त घेता यावा म्हणून. म्हणजे दोन्ही शोध लावणाऱ्याच्या सोयीसाठी. पण २००९ मध्ये अ‍ॅपलने मॅकबुक प्रोच्या बॅटरीपाशी पाच पाकळ्यांचा पेंटालोब स्क्रू आणला. त्याचा ड्रायव्हर तेव्हा दुकानात मिळतच नव्हता. हा स्क्रू घट्ट बसावा यापेक्षा उघडू नये म्हणूनच काढला असावा, असं मला तरी वाटतं.

इथवर वाचून 'कंपन्या हरामखोर, ग्राहक बिचारा' असा सोपा निष्कर्ष काढावासा वाटतो. मीही काढला होता. पण १९९२ चा आयबीएम थिंकपॅड मध्ये येतो आणि घोटाळा करतो.

मी नोकरीला लागलो तेव्हा कंपनीने दिलेला थिंकपॅड उलटा करून बघितलेला मला आठवतो. पाठीवर स्क्रूंच्या शेजारी बारीक चित्रं होती. कीबोर्डच्या चित्राशेजारचे स्क्रू काढले की कीबोर्ड सुटतो, मेमरीच्या चित्राशेजारचे काढले की मेमरी. वर कंपनीचं दुरुस्तीचं मॅन्युअल कुणालाही उतरवून घेता यायचं, त्यात कुठला स्क्रू किती लांबीचा याचा तक्ता. हे तेच आयबीएम, ज्याचे हात उघडेपणाने पोळले होते. मग इथे उदारपणा कसा?

मला वाटतं, उत्तर गिऱ्हाइकात आहे. थिंकपॅड घेणारा म्हणजे हजार-हजार नग घेणारी कंपनी. तिच्याकडे स्वतःचा आयटी विभाग. तिथला माणूस खरेदीच्या मीटिंगला बसतो आणि विचारतो, "कीबोर्ड बदलायला किती वेळ लागतो?" घेणारा आणि दुरुस्त करणारा एकाच छपराखाली. आजही ऑफिससाठीचे लॅपटॉप घरगुती लॅपटॉपपेक्षा सहसा सोपे उघडतात, ते यामुळेच. बाबांच्या एसटीचंही हेच. गाडी महामंडळाची, वर्कशॉपही महामंडळाचंच. जिथे सोळा-सतराचा पाना पोचत नाही तिथे नट बसवला, तर शिव्या त्याच छपराखाली ऐकू येणार. घरचा लॅपटॉप घेणारा मात्र दुकानात उभा राहून फक्त दोन प्रश्न विचारतो. किती पातळ? आणि केवढ्याला?

त्या प्रश्नांचं उत्तर २००८ च्या जानेवारीत मिळालं. स्टीव्ह जॉब्सने स्टेजवर ऑफिसच्या पिवळ्या पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला. वजन १.३६ किलो, किंमत १,७९९ डॉलर. (ऑस्बोर्नपेक्षा चार डॉलर जास्त, वजन जवळपास आठवा हिस्सा!) बॅटरी बदलायची सोय नाही आणि मेमरी बोर्डालाच सोल्डर केलेली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी चक्क गोंदाने चिकटवलेली होती. २०१६ च्या टचबारवाल्या मॉडेलांत ड्राइव्हसुद्धा बोर्डाला सोल्डर. म्हणजे बोर्ड गेला की फोटो, पत्रं, आठवणी सगळंच त्याच्याबरोबर. बाकीच्या कंपन्याही बारीक होण्याच्या शर्यतीत उतरल्याच.

आणि यातलं सगळंच कपटाने झालं असंही नाही. कमी वीज खाणारी मेमरी प्रोसेसरला अगदी चिकटून लागते, म्हणून ती सोल्डर होते. १ जुलै २००६ पासून युरोपियन युनियनने इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर निर्बंध आणले. तब्येतीच्या दृष्टीने चांगलंच. पण जुनं शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं, त्याजागी आलेलं साधारण २१७ ला वितळतं. माझ्या जुन्या सोल्डरिंग गनला विचारा तिचे काय हाल झाले.

दुरुस्तीची माहिती दडवणं मात्र मला समजत नाही. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली कॉलेजचा काइल वीन्स हा विद्यार्थी आपला आयबुक उघडायला बसला, त्याला मॅन्युअल मिळेना. त्याने आणि ल्यूक सूल्सने मिळून स्वतःच फोटो काढून पायरी-पायरीने सूचना लिहायला सुरुवात केली. तेच आयफिक्सइट. म्हणजे आज आपण सगळे ज्याच्या जिवावर उड्या मारतो तेही अशाच एका चिडचिडीतून निघालेलं आहे. उलट २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक तरुण जुन्या लॅपटॉपची मॅन्युअल्स फुकट वाटत होता, तर तोशिबाने कॉपीराइटचा बडगा दाखवून आपली त्याला काढायला लावली. 'हे स्टिकर फाडल्यास वॉरंटी रद्द' असं छापणाऱ्यांना मात्र अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये जाब विचारला. सहा कंपन्यांना पत्रं गेली, आणि तीही १९७५ सालच्या कायद्याच्या आधारे!

आपल्याकडे मॅन्युअल नाही म्हणून कुणाचं अडलं नाही. लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, आमच्या पुण्यातली तपकीर गल्ली... 'चिप लेव्हल रिपेअरिंग'ची पाटी लावलेले लोक कुठून कुठून आलेले नकाशे समोर ठेवून, भिंगाखाली, तांदळाच्या दाण्याहून बारीक भाग बदलतात. ते जे करतात ती कला आहेच, पण ते चोरून करावं लागतं ही काही अभिमानाची गोष्ट नाही. सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. २०२२ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण छापणं सक्तीचं केलं, दहापैकी किती. त्याच वर्षी निरव पटेल यांच्या फ्रेमवर्क कंपनीचा पहिला लॅपटॉप आला. पाठीला पाच स्क्रू, तेही सैल झाले तरी झाकणातच अडकून राहणारे, आणि खोक्यात स्क्रूड्रायव्हर! २०२३ च्या अखेरीस कमी विजेची मेमरीसुद्धा सोल्डर न करता स्क्रूने बसवायचं मानक ठरलं, आणि २०२४ मध्ये त्या मेमरीचा थिंकपॅड आलाही. म्हणजे 'तांत्रिक कारणाने अशक्य' म्हणून सांगितलेली गोष्ट, कुणीतरी मागत राहिलं तर शक्य होते.

हे वाचता वाचता चहा गार झाला होता. पुन्हा टेबलाशी गेलो. लॅपटॉप उलटा केला आणि यावेळी स्क्रू न शोधता, मी तो लपवणारा असतो तर कुठे लपवला असता असा विचार केला. मागच्या बाजूला रबराची एक लांब पट्टी होती, टेबलावर घसरू नये म्हणून. नखाने तिचं टोक उचललं (इथे ते नख गेलं). खाली मधोमध, आरामात बसलेला बारावा स्क्रू.

झाकण आलं. आत धुळीचा गालिचा. चार्जिंग जॅकची मधली पिन मोडलेली. तो जॅक बोर्डाला सोल्डरसुद्धा नव्हता, सुट्या वायरीवरचा होता. काही शे रुपयांचा भाग. म्हणजे मदरबोर्ड गेलेला नव्हताच बहुधा. आणि पंख्याच्या शेजारी, च्युइंगमच्या पट्टीएवढा ड्राइव्ह. खाचेत बसवलेला, एका स्क्रूने.

एका स्क्रूने हो! मी दोन मिनिटं नुसता बघत राहिलो.

ड्राइव्ह काढला. मग अंगात आलं, की आता जॅकही काढून ठेवू, नवा मागवू, लॅपटॉप जिवंत करू. त्या जॅकच्या वाटेत पॉवर बटणाची कागदासारखी फीत होती. तिच्या कनेक्टरला पापणीसारखं एक झाकण असतं, ते वर उचलायचं असतं. मी ओढलं. पापणी तुटली. त्या दिवसातला दुसरा कट्ट. लॅपटॉपचं जे म्हटलं ना सुरुवातीला, ते हे. दुकानदाराला नावं ठेवत बसलो होतो, त्याच्या चुकीच्या निदानाला शेवटी मीच खरं केलं.

रविवारी ड्राइव्ह एका डबीत घालून माझ्या लॅपटॉपला जोडला. 'आठवणी' नावाची फाइल, त्रेसष्ट पानं. आईला छापून दिली. तिने चष्मा लावला, पहिलं पान वाचलं आणि पेन्सिलीने एक वेलांटी सुधारली. मग विचारलं, "लॅपटॉप झाला का दुरुस्त?" म्हटलं, नाही. "मग काल दिवसभर काय करत होतास?"

एक गोष्ट सांगायची राहिली. २०१६ मध्ये लॅपटॉप घ्यायला गेलो तेव्हा बाबा बरोबर होते. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, अंगठा पाठीवरून फिरवला आणि विक्रेत्याला विचारलं, "याचं झाकण कसं उघडतं?" तो मुलगा हसला. मीही हसलो, आणि म्हटलं, "बाबा, ही काय बस आहे का?" मग त्यातल्या त्यात पातळ होता तो घेतला.

येत्या जूनमध्ये लेकीला कॉलेजसाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानात मी तो उलटा करून बघणार आहे. लेक लाजेल, हे गृहीत धरलं आहे.

ता. क. बॅकअप घेतलाय. तीन ठिकाणी. आणि सगळं परत जोडल्यावर एक स्क्रू उरलाय. पुठ्ठ्यावर त्याची जागा दिसते आहे, लॅपटॉपवर सापडत नाही. :-)